एक्झीचं वजन: जीसीसी, क्लँग, टीसीसी आणि एमएसव्हीसी एकाच तराजूत

वाण्याकडे रिकामा डबा घेऊन तेल आणायला गेलं की तो आधी डब्याचा धडा करतो, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन वेगळं काढतो, आणि मगच तेल ओततो. सोर्स कोडवरून चालणारी फाइल, म्हणजे एक्झी, बनवणाऱ्या कंपायलरांची तुलना करताना नेमकी हीच पायरी गाळली जाते. एक ओळ छापणारा एकच ‘हॅलो वर्ल्ड’ प्रोग्रॅम चार कंपायलरांतून काढायचा, तयार फाइली आकारानुसार लावायच्या आणि सगळ्यांत छोटी फाइल देणारा कंपायलर सरस ठरवायचा. त्या आकड्यांत कंपायलरने स्वतः लिहिलेला कोड नखाएवढाही नसतो. मोजला जातो तो डबा.

हे परीक्षण फक्त आकाराचं आहे. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग, विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा एमएसव्हीसी आणि मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी), दोन्हीकडे चालणारा टीसीसी, आणि आपल्याकडच्या कॉलेजांमुळे टर्बो सी. प्रोसेसर ६४-बिटचा, इंटेल किंवा एएमडीचा. (स्विच, म्हणजे आज्ञेसोबत द्यायचे पर्याय, देवनागरीत लिहिले आहेत; टर्मिनलवर ते रोमनमध्येच द्यायचे.)

लिनक्सवर जीसीसीने ‘हॅलो वर्ल्ड’ बांधला तर फाइल १६ केबीच्या आसपास येते. आता वेगासाठीचा -ओ२ हा स्विच देऊन त्यातलं मेन फंक्शन ऑब्जडंप या साधनाने उघडून पाहा. स्टॅक (फंक्शनची मेमरीतली तात्पुरती जागा) सरकवणारी सूचना ४ बाइटची, मजकुराचा पत्ता घेणारी ७, ओळ छापणाऱ्या पुट्सला हाक मारणारी ५, शून्य परत देण्यासाठी रजिस्टर (प्रोसेसरच्या आतलं घर) पुसणारी २, स्टॅक जागेवर आणणारी ४ आणि परतीची १. एकूण २३ बाइट. (प्रोग्रॅममध्ये प्रिंटएफ लिहिलेलं असलं तरी साध्या ओळीसाठी जीसीसी आणि क्लँग दोघंही त्याचं पुट्स करून टाकतात.) आकार कमी ठेवणारा -ओएस दिला की स्टॅक सरकवायच्या चार बाइटांऐवजी एका बाइटची पुश येते, शेवटी एका बाइटची पॉप येते, आणि एकूण १७ होतात. उबुंटूवर यात आणखी ४ मिळवा, कारण तिथला जीसीसी मेनच्या तोंडाशी एंडबीआर६४ ही संरक्षणाची सूचना घालतो. १६ हजार बाइटांच्या फाइलीत कंपायलरचा वाटा हा एवढाच.

उरलेल्यात काय असतं? प्रोग्रॅम सुरू करून देणारा सीआरटीचा (सी रनटाइमचा) तयार कोड, डायनॅमिक लिंकिंगची (प्रोग्रॅम चालताना लायब्ररी जोडण्याची) कोष्टकं, सिंबॉलांची, म्हणजे फंक्शनं आणि व्हेरिएबलांची, नावं, आणि सगळ्यांत जास्त शून्यं. तुकडे जोडून एक फाइल करणारा लिंकर ज्यात येतो त्या बायनयुटिल्सची २.३१ ही आवृत्ती २०१८ साली आली. त्या सुमारापासून लिनक्सवर लिंकर चालवायचा कोड स्वतंत्र ४,०९६ बाइटांच्या पानांवर ठेवतो, म्हणजे फक्त वाचायचा डेटा चुकूनही ‘चालवता येईल’ अशा पानावर पडत नाही. पानं भरत नाहीत, मोकळी जागा शून्यांनी भरली जाते. याआधी हाच प्रोग्रॅम ८ केबीच्या आसपास असे. लिंकरला -झेड नोसेपरेट-कोड कळवलं की पुन्हा जुना आकार दिसतो. डेस्कटॉपवर मात्र हे करू नका. काही केबी वाचवण्यासाठी सुरक्षेची भिंत पाडण्यात अर्थ नाही.

क्लँगने तोच प्रोग्रॅम बांधला तर फरक किरकोळ पडतो, कारण सीआरटी तोच, ग्लिबसी ही लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी तीच आणि बहुतेक वेळा लिंकरही तोच. विंडोजवर क्लँग-सीएल (एमएसव्हीसीसारखे स्विच घेणारा क्लँग) वापरलं तर आकार एमएसव्हीसीजवळ जातो, कारण तिथे डबा मायक्रोसॉफ्टचा असतो. कंपायलर एकच ठेवून डबा बदलला की काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. जीसीसीला -स्टॅटिक दिलं की ग्लिबसीसकट फाइल आठ-नऊशे केबीपर्यंत जाते. एक ओळ छापायला एवढं लागतं, कारण ग्लिबसीचे भाग एकमेकांत गुंतलेले आहेत: आउटपुटच्या मागे लोकॅल (भाषा-प्रदेशानुसारच्या पद्धती) येतं, लोकॅलच्या मागे अक्षरसंच बदलणारा कोड, आणि मेमकॉपीसारख्या फंक्शनची वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी लिहिलेली अनेक रूपं. मसल ही लायब्ररी वापरून तोच स्टॅटिक प्रोग्रॅम १५ ते २० केबीत बसतो. सी++ आणि आयओस्ट्रीम असेल तर ग्लिबसीवर स्टॅटिक फाइल दोन एमबीच्या वर जाते. या सगळ्यांत मेन तेच राहतं.

दुसरा गोंधळ डीबग माहितीचा, म्हणजे चुका शोधताना सूचनांची सोर्सच्या ओळींशी जोड लावणाऱ्या नोंदींचा. लिनक्सवर -जी दिलं की ती माहिती त्याच फाइलीत बसते आणि फाइल कित्येक पटींनी फुगते. एमएसव्हीसी ती वेगळ्या पीडीबी फाइलीत ठेवतो. त्यामुळे ‘माझा प्रोजेक्ट जीसीसीत ४० एमबी आणि एमएसव्हीसीत ३ एमबी’ अशी तक्रार दिसली की आधी स्ट्रिप केलंय का, म्हणजे डीबग माहिती आणि सिंबॉल काढून टाकलेत का, ते विचारावं. मिनजीडब्ल्यूच्या बाबतीत तर हे हमखास निघतं.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण एकदा समजली की विसरत नाही. फंक्शनच्या बाहेर दहा लाख इंटची अ‍ॅरे नुसती जाहीर करा. फाइल तेवढीच राहते. ही अ‍ॅरे बीएसएसमध्ये, म्हणजे सुरुवातीला शून्य असलेल्या डेटाच्या सेक्शनमध्ये, जाते, आणि बीएसएसची फाइलीत फक्त लांबी लिहिलेली असते. आता त्याच अ‍ॅरेच्या पहिल्या घरात १ ठेवून ती जाहीर करा. फाइल ४० लाख बाइटांनी वाढते, कारण एक घर भरलेलं असल्यामुळे सगळी अ‍ॅरे डेटा सेक्शनमध्ये गेली आणि ९,९९,९९९ शून्यं फाइलीत लिहावी लागली. ती १ ही किंमत प्रोग्रॅम सुरू झाल्यावर भरली तर हा सगळा भार जातो.

धडा कसा करायचा? आधी सगळ्या फाइली स्ट्रिप करा. मग एलएस या फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेचा आकडा सोडून साइझ ही आज्ञा वापरा. ती टेक्स्ट, डेटा आणि बीएसएस वेगळे दाखवते. टेक्स्टच्या रकान्यात फक्त वाचायचा डेटा आणि एक्सेप्शनची कोष्टकं धरलेली असतात, हे लक्षात ठेवा. रिकाम्या मेनचा प्रोग्रॅम त्याच स्विचांनी बांधून त्याचा आकडा वजा करा. त्याहून चांगलं म्हणजे लिंक करण्याआधीच्या ऑब्जेक्ट फाइलींचा टेक्स्ट मोजा. तिथे डबा येतच नाही. आणि मोजायचा कोड किमान काही हजार ओळींचा हवा.

धडा केल्यावर मात्र कंपायलरांचे खरे स्वभाव दिसू लागतात. एक छोटं फंक्शन घ्या: चिन्हविरहित ३२-बिट संख्या घ्यायची आणि तिला १० ने भागून परत द्यायची. जीसीसी -ओ२ला भागाकार करतच नाही. तो संख्येला ३,४३५,९७३,८३७ ने गुणतो आणि ३५ बिट उजवीकडे सरकवतो; उत्तर तेच येतं आणि भागाकारापेक्षा लवकर येतं. सूचनांचे बाइट २, ५, ४, ४, १, एकूण १६. -ओएसला तोच जीसीसी सरळ भागाकाराची सूचना देतो: २, ५, २, २, १, एकूण १२. आकार आणखी कमी करणाऱ्या -ओझेडला १० हा आकडा रजिस्टरमध्ये भरायची ५ बाइटची सूचनाही जाते, तिथे पुश-पॉपची तीन बाइटची जोडी येते आणि फंक्शन १० बाइटांत बसतं. क्लँगचा स्वभाव इथे वेगळा आहे: -ओएसलाही तो गुणाकारच ठेवतो, भागाकाराकडे -ओझेडलाच वळतो. यातून कामाची गोष्ट निघते ती अशी, की दोन कंपायलरांना एकाच नावाचा स्विच दिला म्हणजे एकच मागणी केली असं होत नाही. क्लँगचा -ओएस हा थोडा आवरलेला -ओ२ आहे. जीसीसीच्या -ओएसची बरोबरी करायची तर क्लँगला -ओझेड द्यावा लागतो. जीसीसीत -ओझेड आला तो १२व्या आवृत्तीत, २०२२ साली.

जीसीसी

आकारासाठी पहिली पसंती, विशेषतः मायक्रोकंट्रोलरसाठी. -ओ२ला तो प्रत्येक फंक्शन १६ बाइटांच्या सीमेवर सुरू करतो, म्हणून १७ बाइटचं फंक्शन ३२ बाइटांची जागा अडवतं. छोट्या-छोट्या फंक्शनांचा प्रोजेक्ट असेल तर ही भर डोळ्यांत भरते. -ओएसला ती बंद होते. १२व्या आवृत्तीपासून -ओ२लाही व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम) सुरू असतं, त्यामुळे जुन्या जीसीसीवरून आलेल्या प्रोजेक्टचा टेक्स्ट स्विच न बदलताही वाढलेला दिसू शकतो. उणीव जोडीदाराची: सोबतचा नेहमीचा जीएनयू लिंकर एकसारखी फंक्शनं एकत्र करत नाही. कंपायलरच्या पोटात काय चालतं ते शिकायचं असेल त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीतल्या जीसीसी रिसोर्स सेंटरचं काम आवर्जून पाहावं असं आहे, प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने तिथे या कंपायलरच्या रचनेवर कार्यशाळा झाल्या.

क्लँग

-ओ२लाच लूप उलगडणं आणि व्हेक्टरायझेशन दोन्ही करतो. लूपांनी भरलेल्या कोडमध्ये त्याचा -ओ२ जीसीसीपेक्षा जड पडतो तो त्यामुळे. वीस ओळींच्या बेरजेच्या लूपचं असेंब्ली पानभर आलेलं पाहून दचकू नका. पुढे-मागे उरलेल्या घटकांसाठी लूपची साधी प्रतही सोबत ठेवावी लागते. पण -ओझेडला तो खरोखर हट्टाने बाइट वाचवतो. ६४-बिट एआरएमवर तर पुन्हापुन्हा येणारे सूचनांचे तुकडे शोधून त्यांचं वेगळं फंक्शन करणारा आउटलायनर -ओझेडला आपोआप चालतो. सोबत एलएलडी लिंकर घेतला तर आयसीएफने एकसारखी फंक्शनं एक होतात; टेम्प्लेटांनी भरलेल्या सी++ प्रोजेक्टला याचा चांगला फायदा मिळतो. मोठ्या सी++ कोडसाठी आमची पसंती क्लँग आणि एलएलडीची जोडी.

टीसीसी

फाब्रिस बेलार यांचा हा छोटा कंपायलर ‘हॅलो वर्ल्ड’च्या शर्यतीत नेहमी जिंकतो. ०.९.२७ या आवृत्तीची फाइल तीन केबीच्या आसपास असते, कारण त्याचा स्वतःचा लिंकर सेक्शनांना पान-पान जागा देत नाही. पण कोड वाढला की चित्र उलटतं. टीसीसी एकाच फेरीत वाचतो आणि लिहितो. फंक्शन सुरू होतं तेव्हा त्याला स्टॅकवर किती जागा लागणार हे ठाऊक नसतं, म्हणून तो आरंभासाठी ११ बाइट राखून ठेवतो आणि आकडा मागाहून भरतो. त्यामुळे स्टॅक सरकवणारी सूचना कायम ७ बाइटची, हवे असोत फक्त १६ बाइट. पुढे उडी मारायची अट आली तरी तेच: उडी किती लांब ते माहीत नाही, म्हणून २ बाइटच्या आखूड उडीऐवजी ६ बाइटची लांब उडी. व्हेरिएबल रजिस्टरमध्ये राहत नाहीत, दर वापराला स्टॅकवर जातात-येतात. एका फेरीत काम उरकण्याची ही किंमत आहे आणि तिचा मोबदला म्हणजे कंपाइल होण्याचा विलक्षण वेग. स्क्रिप्टसारखा सी कोड चालवायला, शिकायला, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवायला टीसीसी उत्तम. मोठा प्रोग्रॅम छोटा हवा म्हणून त्याच्याकडे जाऊ नका.

एमएसव्हीसी आणि मिनजीडब्ल्यू

विंडोजवर पहिला प्रश्न रनटाइमचा. कमांड लाइनवर सीएल ही एमएसव्हीसीची आज्ञा नुसती चालवली तर तो /एमटी धरतो आणि रनटाइम फाइलीतच येतं. साधा सी प्रोग्रॅम शंभर केबीच्या वर जातो. /एमडी दिला तर दहा केबीच्या आसपास. सीमेक या बिल्डच्या साधनातून बांधलेला प्रोग्रॅम मात्र आपणहून /एमडी घेतो, त्यामुळे एकाच मशीनवर एकाच कोडचे दोन आकार पाहून लोक चक्रावतात. /एमडीची अट अशी, की समोरच्या मशीनवर व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्यूटेबल हवं. विंडोज १० पासून युनिव्हर्सल सीआरटी सिस्टिमसोबतच येते, पण व्हीसीरनटाइम१४० ही डीएलएल येईलच असं नाही. ग्राहकाच्या मशीनवर ती सापडत नसल्याचा निरोप येतो तो याच कारणाने. एकच एक्झी पाठवायची असेल तर /एमटीचे जादा केबी आनंदाने द्या.

दुसरी खाच अजून कमी लोकांना माहीत आहे. रिलीज बांधताना पीडीबी हवी म्हणून लिंकरला /डीबग दिलं की तो स्वतःहून न वापरलेला कोड टाकणं आणि एकसारखी फंक्शनं मिळवणं, दोन्ही बंद करतो आणि इन्क्रिमेंटल लिंकिंग चालू करतो. फाइल फुगते, आणि डीबग माहिती तर बाहेर पीडीबीत असते, मग वाढलं काय हे कळत नाही. उपाय तीन स्विचांचा: /ऑप्ट:रेफ, /ऑप्ट:आयसीएफ, /इन्क्रिमेंटल:नो. व्हिज्युअल स्टुडिओच्या तयार रिलीज प्रोजेक्टमध्ये हे असतं. हाताने लिहिलेल्या बिल्ड फाइलींत राहून जातं. कोडसाठी /ओ१ द्या. आयसीएफ चालू असताना क्रॅशच्या यादीत भलत्याच फंक्शनचं नाव दिसू शकतं, कारण दोन फंक्शनांना आता एकच पत्ता आहे.

विंडोजच्या एक्झीत सेक्शन ५१२ बाइटांच्या पटीत बसतात. म्हणून छोट्या बदलाने आकार कधी हलतच नाही आणि कधी एकदम ५१२ने उडी घेतो. त्या उडीवरून कंपायलरची परीक्षा करू नये.

मिनजीडब्ल्यूच्या फाइली मोठ्या दिसतात त्याची कारणं ठरलेली: सिंबॉल आत राहतात (लिंक करताना -एस द्या), सी++ लायब्ररी अनेकदा स्टॅटिक जोडलेली असते, आणि मानकानुसार वागणारा प्रिंटएफ हवा असेल तर मिनजीडब्ल्यू स्वतःचा प्रिंटएफ फाइलीत घालतो, कित्येक केबींचा. कोड बनवण्यात तो जीसीसीच आहे. वाढतो तो डबा.

टर्बो सी

‘टर्बो सीची एक्झी जीसीसीपेक्षा छोटी कशी’ हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो, कारण १९९१ची टर्बो सी++ ३.० अनेक कॉलेजांच्या प्रयोगशाळांत डॉसबॉक्समधून कित्येक वर्षं चालत राहिली. उत्तर सरळ आहे. तो कोड १६-बिट आहे, इंट दोन बाइटचा, स्मॉल मॉडेलमध्ये पॉइंटरही दोन बाइटचा. लायब्ररी स्टॅटिकच जोडली जाते, पण ती लहान आहे, कारण लोकॅल, युनिकोड, थ्रेड असलं काही तिच्यात नाही आणि छापण्याचं काम डॉसच्या इंटरप्ट २१एचवर सोपवलेलं आहे. टायनी मॉडेल घेतलं तर कोड आणि डेटा मिळून ६४ केबीच्या आत कॉम फाइलही करता येते. सोर्स डीबगिंग चालू असेल तर हीसुद्धा फाइल फुगते आणि त्यासाठी टीडीस्ट्रिप लागतं. ६४-बिट विंडोज ती थेट चालवतही नाही, तेव्हा तिची आजच्या फाइलीशी तुलना करण्यात काही हशील नाही.

गो आणि रस्टबद्दल थोडक्यात. गोचा ‘हॅलो वर्ल्ड’ दोन एमबीच्या आसपास असतो, कारण गार्बेज कलेक्टर आणि शेड्यूलर प्रत्येक फाइलीत जातात. लिंकरला -एस -डब्ल्यू दिलं की तो दीड एमबीच्या आसपास येतो. रस्टची फाइल आधी अनेक एमबी दिसायची ती मुख्यतः स्टँडर्ड लायब्ररीच्या डीबग माहितीमुळे, २०२४ची १.७७ आवृत्ती आल्यापासून रस्टचं बिल्डचं साधन कार्गो रिलीजमध्ये ती आपोआप काढतं. आणखी कमी हवं तर ऑप्ट-लेव्हल झेड, एलटीओ (लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन), कोडजेन-युनिट्स १ आणि पॅनिक अबॉर्ट, या चार ओळी पुरतात.

करायचं ते, याच क्रमाने

जीसीसी किंवा क्लँगवर आधी -ओएस किंवा -ओझेड. मग कंपायलरला फंक्शन-सेक्शन्स आणि डेटा-सेक्शन्सचे स्विच, आणि लिंकरला जीसी-सेक्शन्स. यातलं एकच दिलं तर उपयोग नाही: पहिले दोन प्रत्येक फंक्शनला आणि व्हेरिएबलला वेगळं सेक्शन देतात, तिसरा न वापरलेलं सेक्शन टाकतो. त्यानंतर -एफएलटीओ, हा आणि ऑप्टिमायझेशनचा स्विच लिंक करतानाही द्यायचा, नाहीतर परिणाम अर्धवट येतो. -ओ२सोबत एलटीओने फाइल कधी वाढतेसुद्धा, कारण आता इनलाइन करायला, म्हणजे फंक्शनचा कोड हाकेच्या जागीच बसवायला, सगळा प्रोग्रॅम मोकळा मिळतो. सी++मध्ये नो-आरटीटीआय (चालताना प्रकार ओळखायची माहिती बंद) आणि नो-एक्सेप्शन्स, पण दुसरा स्विच देण्याआधी लायब्ररी तपासा: व्हेक्टरचा अ‍ॅट चुकला तर आता एक्सेप्शन न येता प्रोग्रॅम तिथेच बंद पडेल. शुद्ध सी कोडमधून अनवाइंडची (एक्सेप्शन हाक मारणाऱ्या फंक्शनापर्यंत वर नेणारी) कोष्टकं काढता येतात, मात्र तुमच्या सी फंक्शनमधून सी++चा कॉलबॅक जात असेल तर काढू नका. तिथून फेकलेलं एक्सेप्शन वर पोहोचणारच नाही.

मायक्रोकंट्रोलरवर जीसी-सेक्शन्सने इंटरप्टचं कोष्टक उडतं, कारण कोडमधून त्याला कुणी हाक मारत नाही. लिंकर स्क्रिप्टमध्ये ते कीपमध्ये गुंडाळा. आर्डुइनो उनोवर प्रोग्रॅमला ३२,२५६ बाइट मिळतात आणि तिथे -ओएस, जीसी-सेक्शन्स आधीच लागू असतात, तेव्हा पुढची बचत तुमच्या कोडमधूनच करावी लागते: फ्लोट टाळा, मजकूर आवरा. एआरएमवर न्यूलिब-नॅनो ही छोटी सी लायब्ररी घेतल्यावर प्रिंटएफ फ्लोट छापायचं बंद होतं, संख्येच्या जागी काहीच येत नाही. ही चूक नाही. फ्लोटचा भाग मुद्दाम बाहेर ठेवलेला असतो आणि लिंकरला -यू _प्रिंटएफ_फ्लोट दिलं की तो परत येतो, त्याचे केबी घेऊन.

यूपीएक्स या एक्झी दाबून छोटी करणाऱ्या साधनाने फाइल आवळू नका. डिस्कवर ती निम्मी होते, पण चालताना सगळी मेमरीत उलगडावी लागते, दोन प्रतींना पानं वाटून घेता येत नाहीत, आणि अँटिव्हायरस अशा फाइलीकडे संशयाने पाहतो.

शेवटची पायरी स्ट्रिप, पण त्याआधी ऑब्जकॉपीला ओन्ली-कीप-डीबग देऊन डीबग माहिती वेगळ्या फाइलीत काढा. मग स्ट्रिप करा आणि अ‍ॅड-जीएनयू-डीबगलिंकने त्या फाइलीचं नाव एक्झीत नोंदवा. ग्राहकाकडे छोटी फाइल जाते, आणि क्रॅशचा कोअर (त्या क्षणीच्या मेमरीची फाइल) परत आला की जीडीबी हा डीबगर ओळ क्रमांकासकट सगळं दाखवतो. ही डीबग फाइल त्याच बिल्डसोबत जपून ठेवा. नंतर पुन्हा बांधून काढलेली जुळेलच याचा भरवसा नाही.